नवरा किंवा बायको व्हिसावर असेल तर अमेरिकेचा टॅक्स कसा भरायचा

मावसभावाचा जानेवारीत फोन आला. ताई, लग्न डिसेंबरात झालं पण ही अजून साताऱ्यातच आहे, व्हिसाची तारीखच मिळत नाहीये, मग या वर्षी मी सिंगलच भरतो ना? मी म्हटलं अजिबात नाही, आणि मग आम्ही दीड तास बोलत बसलो. त्यानंतर त्याच्या रूममेटचा फोन, मग रूममेटच्या मित्राचा, तेव्हा ठरवलं की एकदा नीट लिहूनच काढावं. मी टॅक्सवाली नाही, पण लग्नानंतर एच-४ वर, म्हणजे एच-१बी या वर्क व्हिसावाल्यांच्या नवरा-बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, न्यू जर्सीला आले आणि आमचं सगळं पेपरवर्क मीच केलं, चुकलं तिथे मीच निस्तरलं, त्यामुळे कुठे काय अडतं ते माहीत आहे. खालचे आकडे २०२५ सालच्या रिटर्नचे आहेत, म्हणजे जे १५ एप्रिल २०२६ पर्यंत भरायचं ते.

आधी सिंगलचं बघू. अमेरिकेत तुम्ही त्या वर्षी मॅरिड होतात की नाही हे ३१ डिसेंबरला काय होतं त्यावर ठरतं. २८ डिसेंबरला नाशिकला अक्षता पडल्या असतील तरी त्या आख्ख्या वर्षासाठी तुम्ही मॅरिडच, मग बायको कुठेही असो, तिच्याकडे व्हिसा असो नसो, एसएसएन म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर असो नसो. म्हणजे सिंगल हा ऑप्शन तुम्हाला नाहीच. उरतात दोन, मॅरिड फायलिंग जॉइंटली आणि मॅरिड फायलिंग सेपरेटली. मूल सोबत राहत असेल तर काही जणांना हेड ऑफ हाऊसहोल्ड बसतं, त्याचं खाली सांगते.

पहिली पायरी, दोघांपैकी कोण टॅक्ससाठी रेसिडेंट आहे ते काढा

व्हिसावरचा माणूस इमिग्रेशनच्या भाषेत नॉन-इमिग्रंट असला तरी टॅक्सच्या हिशोबात रेसिडेंट असू शकतो, ही दोन वेगळी खाती आहेत आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. ग्रीन कार्ड असेल तर रेसिडेंट, विषय संपला. नसेल तर दिवस मोजायचे. या वर्षी किमान ३१ दिवस अमेरिकेत हवेत, आणि या वर्षाचे सगळे दिवस, अधिक मागच्या वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश, अधिक त्याच्या आधीच्या वर्षाच्या दिवसांचा एक षष्ठांश, ही बेरीज १८३ किंवा जास्त आली की रेसिडेंट. एच-१बी, एच-४, कंपनीने बदली करून आणलेल्यांचा एल-१, त्यांच्या नवरा-बायकोचा एल-२, सगळ्यांना हेच गणित. एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावाल्यांचे मात्र पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस मोजायचेच नसतात, त्यांनी फॉर्म ८८४३ भरायचा. त्यामुळे नवरा एच-१बी वर, बायको त्याच घरात राहून एफ-१ वर मास्टर्स करतेय, तर तो रेसिडेंट आणि ती नॉन-रेसिडेंट, असं अगदी सर्रास असतं.

एक केस खूप जणांची असते म्हणून सांगते. नवरा १ ऑक्टोबरला भारतातून पहिल्यांदा एच-१बी वर आला. ३१ डिसेंबरपर्यंत ९२ दिवस झाले, म्हणजे तो स्वतःच नॉन-रेसिडेंट, मग जॉइंट भरणार कुठून? याला फर्स्ट इयर चॉइस नावाची सोय आहे. त्या वर्षी सलग ३१ दिवस तो इथे राहिलेला असला, आणि त्या ३१ दिवसांच्या सुरुवातीपासून वर्षअखेरपर्यंतच्या दिवसांपैकी किमान ७५ टक्के दिवस इथे असला, तर तो स्वतःला आल्या दिवसापासून रेसिडेंट म्हणवून घेऊ शकतो. अट एवढीच की रिटर्न भरण्याआधी पुढच्या वर्षीची दिवसांची टेस्ट पास व्हावी लागते. ९२ चा तृतीयांश साधारण ३०.६७, म्हणजे पुढच्या वर्षी १५३ दिवस हवेत, मध्ये भारतात गेला नाही तर ते २ जूनला भरतात. म्हणून एप्रिलमध्ये फॉर्म ४८६८ टाकून मुदतवाढ घ्यायची आणि जूननंतर रिटर्न भरायचं. मुदतवाढ १५ ऑक्टोबरपर्यंत मिळते, पण ती कागद भरायची मुदतवाढ आहे, पैसे भरायची नाही, टॅक्स निघत असेल तर अंदाजाने १५ एप्रिललाच भरून टाका नाहीतर व्याज लागतं.

दुसरी पायरी, जॉइंटमध्ये किती वाचतंय ते आकडा मांडून बघा

समजा नवऱ्याचा पगार १ लाख डॉलर आणि दुसरं काहीच इन्कम नाही. २०२५ साठी जॉइंटचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे इन्कममधून सरसकट वजा होणारी रक्कम, ३१,५०० डॉलर, सेपरेटचं १५,७५०. जॉइंट भरलं तर टॅक्स लागतो ६८,५०० वर, तो येतो साधारण ७,७४३. सेपरेट भरलं तर ८४,२५० वर लागतो आणि तो येतो १३,४४९. फरक ५,७०६ डॉलर, म्हणजे मुंबईला दोघांची दोन-तीनदा जाऊन येऊन तिकिटं. एवढे पैसे लोक फक्त बायकोकडे एसएसएन नाही या भीतीने सोडून देतात, म्हणून मला हे लिहायचं होतं.

पण याची दुसरी बाजू आहे आणि ती बघितल्याशिवाय सही करू नका. नॉन-रेसिडेंट बायकोला रेसिडेंट धरून जॉइंट भरलं की तिचं जगभरातलं सगळं इन्कम त्या वर्षाच्या रिटर्नमध्ये येतं. जगभरातलं म्हणजे आपल्यासाठी भारतातलं. तिचा जानेवारी ते डिसेंबर पगार, एफडीचं व्याज, फ्लॅटचं भाडं, शेअर विकून झालेला नफा, सगळं. पीपीएफचं व्याज भारतात टॅक्स फ्री आहे पण अमेरिका ते मानत नाही, तेही दाखवायचं. म्युच्युअल फंड हे सगळ्यात डोकेदुखीचं प्रकरण, पाचशे रुपयाची एसआयपी असली तरी अमेरिकेच्या नजरेत तो पीएफआयसी म्हणजे परदेशी गुंतवणूक कंपनी, त्याला फॉर्म ८६२१ चे वेगळे नियम लागतात. जॉइंट रिटर्नमध्ये वर्षअखेरीला सगळ्या फंडांची मिळून किंमत ५० हजार डॉलरच्या आत असेल, त्यातलं काही विकलं नसेल आणि जास्तीचं डिस्ट्रिब्युशनही आलं नसेल तर साधारणपणे हा फॉर्म टळतो.

तर दोघांनी एका संध्याकाळी बसा आणि बायकोच्या भारतातल्या सगळ्या गोष्टींची यादी करा. फोनवर नाही, कागदावर. माझ्या यादीत मला स्वतःला आठवत नव्हतं असं एक खातं निघालं, बाबांसोबतचं जॉइंट खातं, मी कॉलेजला असताना उघडलेलं. भारतात टीडीएस कापला गेलाय किंवा टॅक्स भरलाय त्याचं क्रेडिट फॉर्म १११६ वर मिळतं त्यामुळे त्याच पैशावर दोनदा पूर्ण टॅक्स बसत नाही, पगार असेल तर बहुतेक वेळा क्रेडिटने बराचसा भार उतरतो. मात्र त्याच वर्षी तिने कोथरूडचा फ्लॅट विकलाय, किंवा तिचा स्वतःचा व्यवसाय आहे, किंवा मोठी रक्कम फंडात आहे, तर आधी दोन्ही प्रकारे गणित करून बघा, कदाचित सेपरेटच बरं पडेल. सेपरेट भरताना नॉन-रेसिडेंट बायकोचा नंबर नसेल तर एसएसएनच्या जागी एनआरए ही तीन अक्षरं इंग्रजीत लिहितात, आणि तिचं भारतातलं इन्कम तुमच्या रिटर्नमध्ये येत नाही. बायको नॉन-रेसिडेंट आहे, जॉइंटचा पर्याय घेतलेला नाही, आणि मूल वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस तुमच्या घरात राहतंय व घरखर्च निम्म्याहून जास्त तुमचा, तर हेड ऑफ हाऊसहोल्ड बघा, तिथे डिडक्शन २३,६२५ आहे. पण त्यासाठी मूल किंवा तसं कोणी लागतं, नुसती बायको भारतात आहे एवढ्याने ते मिळत नाही.

कॅलेंडरचा घोळही आधीच लक्षात घ्या. आपला फॉर्म १६ एप्रिल ते मार्च, अमेरिकेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. मी दोन वर्षांचे फॉर्म १६ घेऊन बसले आणि काही केल्या आकडा जुळेना, शेवटी बारा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा काढल्या, जानेवारीपासून एकेक ओळ एक्सेलमध्ये टाकली, प्रत्येक स्लिपवरचा टीडीएस बाजूच्या कॉलममध्ये, तेव्हा कुठे हिशोब लागला. नोकरी सोडण्याआधी या स्लिपा डाउनलोड करून ठेवा, कंपनीचं लॉगिन बंद झालं की एचआरच्या मागे लागावं लागतं. रुपयाचा डॉलर करायला आयआरएस म्हणजे अमेरिकेचं टॅक्स खातं दर वर्षीचा सरासरी दर देतं, आमचं रिटर्न २०२३ चं होतं, त्याचा दर ८२.५७२, तोच आख्ख्या वर्षाला वापरला.

तिसरी पायरी, कुठला पर्याय घेताय ते ठरवा आणि पत्र लिहा

दोन कलमं आहेत, ६०१३ जी आणि ६०१३ एच. ३१ डिसेंबरला एक जण सिटिझन किंवा रेसिडेंट आहे आणि दुसरा अजून नॉन-रेसिडेंट आहे, बायको साताऱ्यात किंवा एफ-१ वर, तर जी. वर्षाच्या सुरुवातीला नॉन-रेसिडेंट होती पण वर्षअखेरीला दिवसांची टेस्ट पास होऊन रेसिडेंट झाली, समजा मार्चमध्ये एच-४ वर आली आणि इथेच राहिली, तर एच. दोन्हीत दोघंही आख्खं वर्ष रेसिडेंट धरले जातात आणि स्टँडर्ड डिडक्शन पूर्ण मिळतं. हे नाही केलं तर दुसऱ्या केसमध्ये बायको ड्युअल स्टेटस होते आणि जॉइंट भरता येत नाही.

जी एकदा घेतलं की पुढच्या वर्षांना आपोआप चालू राहतं, दर वर्षी पत्र लागत नाही. पहिल्या वर्षी जॉइंटच भरावं लागतं, पुढे हवं तर सेपरेट भरता येतं पण तिचं जगभरातलं इन्कम मात्र तरीही मोजलं जातं. आणि एकदा ते रद्द केलं की पुन्हा आयुष्यात घेता येत नाही. एच आयुष्यात एकदाच. म्हणून एका वर्षाच्या रिफंडकडे बघून घाईने ठरवू नका, पुढच्या दोन-तीन वर्षांत भारतात काय विकायचंय, काय यायचंय याचा विचार करा. एफ-१ वाल्या बायकोसाठी अजून एक, जॉइंट घेतलं की भारत-अमेरिका कराराचे एफ-१ वाले फायदे सहसा सोडावे लागतात.

पत्र साधं एका पानाचं, इंग्रजीत. त्यात तीन गोष्टी, वर्षाच्या शेवटच्या दिवशी एक जण नॉन-रेसिडेंट व दुसरा सिटिझन किंवा रेसिडेंट होता हे, दोघंही आख्ख्या वर्षासाठी रेसिडेंट म्हणून धरले जाण्याचा पर्याय घेतोय हे, आणि दोघांची नावं, पत्ते, नंबर. एच असेल तर पहिलं वाक्य त्याप्रमाणे बदलायचं. खाली दोघांच्या सह्या. शिवाय फॉर्म १०४० म्हणजे मुख्य रिटर्नच्या फॉर्मवर फायलिंग स्टेटसच्या खालीच आता यासाठी एक चौकट आहे, ती टिक करून बायकोचं नाव लिहायचं, ती विसरू नका.

चौथी पायरी, आयटिन

आयटिन म्हणजे एसएसएन न मिळणाऱ्यांना आयआरएस देते तो टॅक्सपुरता नंबर. तिला एसएसएन मिळू शकत असेल तर आयटिन मागायचाच नाही. एल-२ वर नवरा-बायकोला काम करायची परवानगी असते, ईएडी म्हणजे वर्क परमिट असलेल्या एच-४ लाही असते, त्यांनी एसएसएन घ्यावा. नुसत्या एच-४ ला एसएसएन मिळत नाही, भारतात असलेल्या बायकोलाही नाही, त्यांना आयटिन. फॉर्म डब्ल्यू-७, रेसिडेंट माणसाच्या नवरा-बायकोसाठी कारणांमधली ई ही चौकट. हा फॉर्म एकटा पाठवायचा नाही, रिटर्नच्या वर लावून पाठवायचा, म्हणून पहिल्या वर्षी रिटर्न कागदावरच जातं. रिटर्नवर तिच्या नंबरची जागा कोरी ठेवायची.

आता माझी चूक सांगते म्हणजे तुमची टळेल. माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव होतं आणि गिव्हन नेममध्ये माझ्या नावापुढे बाबांचं नाव. लग्नानंतर सगळे मला नव्या आडनावाने ओळखायला लागले, पत्रिकेपासून एअरलाइनपर्यंत, आणि ज्यांच्याकडून आम्ही फॉर्म भरून घेतला त्यांनी डब्ल्यू-७ वर नवं आडनाव टाकलं, मीही खुशीत सही केली. शिवाय त्यांनी सांगितलं म्हणून मूळ पासपोर्ट पोस्टाने पाठवला. काही आठवड्यांनी सीपी५६६ नावाचं पत्र आलं, नाव जुळत नाही, ४५ दिवसांत उत्तर द्या. पासपोर्ट अजून वाटेतच होता. त्याच आठवड्यात बाबांचं अचानक ऑपरेशन ठरलं आणि मी एडिसनच्या किचनमध्ये फोन हातात धरून उभी होते, तिकीट काढायला पैसे होते पण हातात पासपोर्ट नव्हता. दादाने हॉस्पिटलमधून व्हिडिओ कॉल लावून ठेवला, मी रात्रभर तो बघत बसले. बाबा आता बरे आहेत. पण तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, मूळ पासपोर्ट पोस्टात टाकू नका.

त्याऐवजी दोन रस्ते. आयआरएसचं टॅक्सपेअर असिस्टन्स सेंटर, सगळीच सेंटरं हे काम करत नाहीत म्हणून फोनवर आधी विचारून अपॉइंटमेंट घ्यायची, ते पासपोर्ट तपासून तिथल्या तिथे परत देतात. किंवा सर्टिफाइंग अ‍ॅक्सेप्टन्स एजंट, लोक सीएए म्हणतात, तो फी घेतो पण मूळ पासपोर्ट बघून सर्टिफिकेट जोडतो आणि पासपोर्ट तुमच्याकडेच राहतो. भारताबाहेर न आलेल्या बायकोसाठीही हाच रस्ता, आयआरएसच्या साइटवर देशानुसार एजंटांची यादी आहे. नोटरीचा शिक्का मारलेली झेरॉक्स चालत नाही, आपल्याकडे सगळीकडे ती चालते म्हणून लोक हमखास तीच पाठवतात. आणि नाव, डब्ल्यू-७ वर, १०४० वर आणि त्या पत्रावर अगदी पासपोर्टवर छापलंय तसंच लिहा, बाबांचं नाव असेल तर त्यासकट. पासपोर्टवर आता सासरचं आडनाव असेल तर जन्माचं नाव लिहायला डब्ल्यू-७ वर वेगळी ओळ आहे.

मुलांचं पटकन सांगते. अमेरिकेत जन्मलेल्या, एसएसएन असलेल्या मुलाला २०२५ ला चाइल्ड टॅक्स क्रेडिट २,२०० डॉलरपर्यंत, आणि आता जॉइंट रिटर्नमध्ये आई-बाबांपैकी किमान एकाकडे नोकरीसाठी चालणारा एसएसएन लागतो. एच-४ वर आलेल्या मुलाला आयटिन आणि ५०० डॉलरचं क्रेडिट. भारतात आजी-आजोबांकडे राहणारं, अमेरिकेचं नागरिक नसलेलं मूल डिपेंडंट दाखवता येत नाही, भारतात असलेले आई-वडीलही नाही.

पाचवी पायरी, भारतातल्या खात्यांचं कळवणं

हे टॅक्सपेक्षा वेगळं आहे, टॅक्स शून्य असला तरी करावं लागतं. टॅक्ससाठी रेसिडेंट असलेल्या माणसाच्या अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची मिळून बेरीज वर्षातल्या कुठल्याही एका दिवशी १० हजार डॉलरच्या वर गेली की एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा रिपोर्ट, भरायचा. तो रिटर्नसोबत जात नाही, फिनसेन या अमेरिकेच्या अर्थखात्यातल्या विभागाच्या साइटवर ऑनलाइन भरतात, फुकट. बाबांसोबतच्या जॉइंट खात्यातली पूर्ण रक्कम तुमच्या बेरजेत येते, पैसे सगळे बाबांचे असले तरी. रिटर्नमधल्या शेड्यूल बीच्या शेवटी परदेशी खात्यांबद्दल प्रश्न आहे, तिथे खरं उत्तर द्या. परदेशी मालमत्ता दाखवायचा रिटर्नसोबतचा वेगळा फॉर्म ८९३८ आहे, त्याची मर्यादा अमेरिकेत राहणाऱ्या जॉइंटवाल्यांना वर्षअखेरीला १ लाख किंवा वर्षात कधीही दीड लाख डॉलर. लॉकरमधल्या दागिन्यांचं बायका घाबरून विचारतात, तर स्वतःजवळ असलेलं सोनं या दोन्हींत येत नाही. सासर-माहेरच्यांनी भारतातून वर्षात १ लाख डॉलरच्या वर भेट दिली, घरासाठी वगैरे, तर त्यावर टॅक्स नाही पण फॉर्म ३५२० भरावा लागतो, न भरण्याचा दंड मोठा आहे. आणि नवऱ्याने सिटिझन नसलेल्या बायकोच्या नावावर वर्षात १ लाख ९० हजारच्या वर रक्कम केली तर गिफ्ट टॅक्सचा फॉर्म ७०९ बघा.

सहावी पायरी, गठ्ठा आणि सह्या

वरून खाली असा लावला होता आम्ही: डब्ल्यू-७ आणि त्याची कागदपत्रं, मग १०४०, शेड्यूल, १११६, मग पर्यायाचं पत्र, पुढच्या बाजूला डब्ल्यू-२ म्हणजे कंपनीने दिलेलं पगाराचं पत्रक. नेहमीच्या पत्त्यावर नाही, डब्ल्यू-७ च्या सूचनांमध्ये दिलेल्या टेक्सासच्या ऑस्टिनच्या पत्त्यावर जातं. स्टेटचं रिटर्न वेगळं, ते यात कोंबू नका. ट्रॅकिंगचं पोस्ट करा, सगळ्याची स्कॅन कॉपी ठेवा. बायको भारतात असेल तर तिच्या सह्यांसाठी कागद कुरियरने जाऊन परत यायचे आठवडे मार्चमध्येच धरा, कारण १०४०, डब्ल्यू-७ आणि पत्र या तिन्हींवर तिची स्वतःची सही लागते.

या सहीबद्दल मला खास सांगायचंय. जॉइंट रिटर्नवर सही केली की त्यातल्या सगळ्या टॅक्सला दोघंही पूर्णपणे जबाबदार, निम्मे-निम्मे नाही. एच-४ वरच्या माझ्या कितीतरी मैत्रिणींनी स्वतःचं रिटर्न कधी वाचलेलं नाही, नवरा म्हणाला इथे कर आणि केली. भावांनो, तिला शेजारी बसवून पान पान दाखवा, तिचंच भारतातलं इन्कम त्यात आहे, कुठलं खातं राहिलंय ते तिलाच माहीत असणार. आणि बायांनो, विचारा, तो अविश्वास नव्हे.

मागच्या वर्षांत कोणी चुकून सिंगल किंवा सेपरेट भरलं असेल तर फॉर्म १०४०-एक्स ने जॉइंट करता येतं, साधारण तीन वर्षांपर्यंत, पर्यायाचं पत्र आणि दोघांच्या सह्या लावूनच. मावसभावाच्या रूममेटने दोन वर्षं सेपरेट भरलं होतं, तो आता हेच करतोय.

आयटिनला साधारण सात आठवडे लागतात, जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेर किंवा परदेशातून अर्ज असेल तर नऊ ते अकरा. नंबर सीपी५६५ या पत्रातून येतो, ते पत्र पासपोर्टच्या फाईलमध्येच ठेवा. पुढच्या वर्षीपासून तो नंबर टाकून ई-फाईल होतं. सलग तीन वर्षं रिटर्नवर वापरला नाही तर तो बाद होतो, आणि ईएडी येऊन एसएसएन मिळाला की आयटिन वापरणं बंद करून आयआरएसला पत्राने कळवायचं, म्हणजे ते दोन्ही रेकॉर्ड एकत्र करतात.